टेनिसच्या भरवशावर लेकीची शाळा सोडवावी का?

एका आईचं पत्र आलं आहे. ओळख पटेल असे तपशील गाळून, थोडक्यात असं:

'आम्ही पुण्यात राहतो. लेक बारा वर्षांची, राज्य मंडळाच्या इंग्रजी माध्यमाच्या शाळेत सातवीत आहे. सातव्या वर्षी उन्हाळी शिबिरात रॅकेट हातात घेतली, ती सोडलीच नाही. आता एआयटीएच्या, म्हणजे अखिल भारतीय टेनिस संघटनेच्या, चौदा वर्षांखालील स्पर्धा खेळते. राज्यात तिचं नाव आहे, देशात रँकिंग दोनशेच्या आसपास. आठवड्याला कोर्टवर वीस तास, फिटनेस चार तास. तिची ने-आण करता यावी म्हणून मी दोन वर्षांपूर्वी नोकरी सोडली. वर्षाला सहा लाखांच्या घरात खर्च होतो. हजेरीवरून शाळेशी सतत वाद.

तिचे कोच म्हणतात, "मुलगी आहे, अमेरिकेत कॉलेजला शंभर टक्के स्कॉलरशिप मिळते. फक्त आत्ताच शाळेतून काढा." त्यांच्या ओळखीच्या परगावच्या निवासी अकॅडमीत वर्षाचे चौदा लाख. शिक्षण ओपन स्कूलमधून. दुसरीकडे एका इंटरनॅशनल शाळेने आठवीसाठी साठ टक्के फी माफ करू म्हटलंय, पण रँकिंग टिकलं तरच. दर वर्षी आढावा. मिस्टरांचा कल अकॅडमीकडे. सासरे एफडी मोडायला तयार आहेत. मला काही सुचत नाही. अलीकडे लेक मॅचच्या सकाळी पोट दुखतं म्हणते. "मला डबल्स जास्त आवडतं" असंही म्हणते, पण सर म्हणतात की कॉलेजवाले सिंगल्सच बघतात. थोरला दहावीला आहे, तो समजूतदार आहे. मार्चच्या आत निर्णय द्यायचाय. काय करू?'

ताई, आधी उत्तर सांगते, कारण मार्च तोंडावर आलाय आणि माझ्या प्रस्तावनेत तुम्हाला रस नसणार. लेकीला शाळेतून काढू नका, निदान नववी संपेपर्यंत तरी. अकॅडमीचे चौदा लाख भरू नका, आणि सासऱ्यांची एफडी आहे तिथेच राहू द्या. फी-सवलतीच्या शाळेबद्दल माझं मत इतकं ठाम नाही. तिच्याकडे पुढे येते.

तुमच्या कोचचं म्हणणं धादांत खोटं असतं तर तुम्हीच ते ओळखलं असतं. ते अर्धं खरं आहे. अमेरिकेतली कॉलेजं मुलींच्या टेनिसला पैसे देतात, आणि वर्षानुवर्षं मुलांपेक्षा जास्त देत आली. त्याचं मूळ एका कायद्यात आहे. १९७२ च्या 'टायटल नाइन'ने सरकारी मदत घेणाऱ्या शिक्षणसंस्थांना मुलगा-मुलगी भेद करायला बंदी घातली. तिकडच्या मोठ्या विद्यापीठांत मुलांच्या अमेरिकन फुटबॉल संघावर ८५ स्कॉलरशिप खर्च होत. तो तोल सावरायचा तर मुलींच्या खेळांसाठी हात सैल सोडावा लागे. म्हणून एनसीएए या तिथल्या कॉलेज क्रीडा संघटनेच्या वरच्या श्रेणीत, म्हणजे डिव्हिजन वनमध्ये, मुलींच्या टेनिस संघाला आठ पूर्ण स्कॉलरशिप देता येत, तर मुलांच्या अख्ख्या संघात मिळून साडेचार. 'मुलगी आहे, मिळणारच' हे त्या दिवसांतलं गणित आहे.

२०२५-२६ च्या शैक्षणिक वर्षापासून ते बदललं. एका मोठ्या खटल्यातल्या तडजोडीनंतर स्कॉलरशिपच्या संख्येवरची मर्यादा गेली आणि संघातल्या खेळाडूंच्या संख्येवर मर्यादा आली. ही तडजोड स्वीकारलेल्या विद्यापीठांत टेनिसला ती दहा आहे, मुलांना आणि मुलींना सारखीच. दहाही जणींना पूर्ण पैसे देता येतात, पण द्यायलाच हवेत असं कुठे लिहिलेलं नाही. त्याच तडजोडीने विद्यापीठांना खेळाडूंना थेट पैसे द्यायची मुभा मिळाली, आणि त्यातला मोठा वाटा फुटबॉल-बास्केटबॉलकडे जाणार हे सांगायला ज्योतिषी नको. शिवाय हार्वर्ड-प्रिन्स्टनसारखी आयव्ही लीगची आठ विद्यापीठं आणि डिव्हिजन थ्रीमधली कॉलेजं खेळासाठी म्हणून एक डॉलरही देत नाहीत. तिथे टेनिसमुळे प्रवेशाला वजन येतं. पैसे मिळालेच तर घरच्या परिस्थितीवर किंवा अभ्यासावर मिळतात. तुमची लेक कॉलेजात जायला अजून पाच वर्षांहून जास्त काळ आहे. तोवर हे नियम किती वेळा फिरतील, याची हमी एनसीएएसुद्धा देणार नाही. तुमचे कोच कशाच्या जोरावर देतात?

आणि ही चढाओढ फक्त भारतातल्या मुलींशी नाही. डिव्हिजन वनच्या टेनिस संघांत निम्म्याहून अधिक खेळाडू परदेशी असतात. एकाच जागेसाठी तिथल्या कोचच्या मेलबॉक्समध्ये प्रागची मुलगी असते, बार्सिलोनाची असते, बँकॉकचीही असते.

आता कळीचा मुद्दा. हा कॉलेजचा कोच बघतो काय? बहुतेक जण आधी यूटीआर, म्हणजे युनिव्हर्सल टेनिस रेटिंग, बघतात. हा १ ते १६.५ च्या पट्टीवरचा आकडा. गेल्या बारा महिन्यांतल्या जास्तीत जास्त तीस मॅचेसवरून निघतो. समोरची खेळाडू किती तगडी होती आणि तिच्याविरुद्ध किती गेम घेतले, यावर तो हलतो. नुसतं जिंकलं-हरलं एवढ्यावर नाही. ढोबळ मानाने सांगायचं तर मुलींच्या डिव्हिजन वनच्या बऱ्याच संघांत हा आकडा ८ ते ११ च्या दरम्यान असतो. पण तो सोळाव्या-सतराव्या वर्षीचा. बाराव्या वर्षी देशात दोनशेवी होती की वीसावी, हे तिथे कुणी विचारत नाही. बारा वर्षांखालच्या गटात ज्या मुलींची उंची लवकर वाढते त्या धडाधड जिंकतात; पंधराव्या वर्षापर्यंत बाकीच्या त्यांना गाठतात आणि चित्र उलटंपालटं होतं. हे तुमचे कोचही जाणतात. म्हणून 'फक्त आत्ताच' या घाईचं मला नवल वाटतं. आत्ता शाळा सोडवून जे मिळवायचं, त्याची किंमत सतराव्या वर्षी कुणी मोजणार नाही. जे गमवायचं, ते मात्र नक्की मोजलं जाईल. स्थळ बघायच्या आधीच मंगल कार्यालयाचा ॲडव्हान्स भरण्यातला हा प्रकार आहे.

काय गमवायचं, तेही सांगते. डिव्हिजन वनमध्ये खेळायचं तर एनसीएएची अभ्यासाची अट आहे: नववी ते बारावीत सोळा 'कोअर' विषय-वर्षं. इंग्रजी चार वर्षं, गणित तीन, विज्ञान दोन, सामाजिक शास्त्रं दोन, आणि यांतलेच किंवा भाषांसारखे आणखी काही. नियमित शाळेतल्या मुलांच्या हे लक्षातही येत नाही. नववी-दहावीच्या इतिहास-भूगोलाने सामाजिक शास्त्रांची सोय होते, इंग्रजी-गणित चालूच असतं. ओपन स्कूलमध्ये पाच विषय घेऊन पास होता येतं, आणि अकॅडमीच्या वेळापत्रकात बसावेत म्हणून मुलांना सोपे विषय घ्यायला लावतात. गणित तिथेच सुटतं. मग बारावीला कुणीतरी सोळाची यादी काढतं आणि घरात रडारड होते. ओपन स्कूल वाईट आहे असं मी म्हणत नाही; नीट विषय घेऊन शिकलेली मुलं उत्तम करतात. पण एनआयओएसच्या, म्हणजे राष्ट्रीय ओपन स्कूलच्या, दहावीसाठी वय किमान १४ पूर्ण लागतं. तुमची लेक बाराची. मधली दोन वर्षं ती कुठल्या पटावर असणार, तिला कोण शिकवणार, आणि काही कारणाने परतावं लागलं तर कुठली शाळा तिला आठवीत-नववीत घेणार, हे अकॅडमीला लेखी विचारा. उत्तर 'बघू, होऊन जातं' असं आलं, तर तुमचा निर्णय आपोआप होईल.

डबल्सबद्दल. ताई, तुमच्या लांबलचक पत्रात लेकीच्या तोंडची दोनच वाक्यं आहेत. एक पोटदुखीचं, दुसरं डबल्सचं. दुसरं आधी घेते, कारण त्यात तिचं म्हणणं बरोबर आहे आणि सरांचं अर्धवट.

कॉलेज टेनिस आपल्या इथल्या स्पर्धांसारखं नसतं. तिथे संघाविरुद्ध संघ असा सामना असतो. आधी शेजारशेजारच्या कोर्टांवर डबल्सच्या तीन मॅचेस एकाच वेळी, प्रत्येकी एकेक सेटच्या. तीनपैकी दोन जिंकणाऱ्या संघाला एक गुण. मग सिंगल्सच्या सहा मॅचेस, प्रत्येकीचा एक गुण. चार गुण आधी करेल तो संघ जिंकला. म्हणजे सामन्याची सुरुवातच डबल्सने होते, आणि ३-३ वर अडकलेल्या संघाला तासाभरापूर्वी मिळालेला डबल्सचा तो एक गुण किती मोलाचा, हे खेळलेल्यांना विचारा. शेजारच्या कोर्टवरची सोबतीण ओरडून धीर देत असते, कोच खुर्चीशेजारी येऊन बोलू शकतो. कोच भरती करताना सिंगल्सचा दर्जा बघतात, हे खरं. पण नेटवर धावणारी, जोडीदारणीशी जुळवून घेणारी मुलगी त्यांना हवीच असते. ज्या मुलीला एकटीने कोर्टवर उभं राहण्यापेक्षा जोडीने खेळायला आवडतं, तिला कदाचित कॉलेज टेनिसच सगळ्यात मानवेल. तिचं डबल्स बंद करू नका. कोच बंद करत असतील तर त्यांना वरचं स्वरूप समजावून सांगा, संकोच करू नका.

आपल्याच मातीतली उदाहरणं बघा. ऋतुजा भोसले टेक्सास ए अँड एम विद्यापीठातून खेळली, आणि २०२३ मध्ये हांगझोच्या आशियाई स्पर्धेत रोहन बोपण्णाबरोबर तिने सुवर्णपदक मिळवलं ते मिश्र दुहेरीत. पुण्याचा अर्जुन कढे ओक्लाहोमा स्टेटला शिकला. व्यावसायिक टेनिसमध्ये त्याचं नाव झालं ते डबल्समध्येच. सोमदेव देववर्मनने व्हर्जिनिया विद्यापीठाकडून २००७ आणि २००८ असं लागोपाठ दोनदा एनसीएएचं सिंगल्सचं विजेतेपद पटकावलं. आणि अमेरिकेच्या वाटेला न जाता, गुजरातमधून पुण्यात येऊन हेमंत बेंद्रे यांच्याकडे सराव करणारी अंकिता रैना ऑलिंपिकपर्यंत पोचली. मिस्टरांना ही नावं सांगा. यादीत त्यांना हवा तो रस्ता सापडेल, आणि नको तोही. वाट एकच नाही, एवढंच मला दाखवायचंय. आणखी एक गोष्ट या नावांबरोबर सांगितली जात नाही: त्यांच्या बरोबरीने त्या वयात खेळणारी शेकडो मुलं होती आणि त्यांची नावं आपल्याला माहीत नाहीत.

आता पोटदुखी. कोच 'नर्व्हस होते, सवय होईल' म्हणत असतील. होईलही. पण आधी डॉक्टरांना दाखवा, मग बाकीचं बोलू. शारीरिक काही नसेल तर एखाद्या रविवारी कुंपणाबाहेर उभं राहून फक्त मुलींकडे बघा, स्कोअरकडे नको. खालच्या पातळीच्या स्पर्धांत पहिल्या फेऱ्यांना पंच नसतो. मुली आपल्या बाजूची लाइन आपणच बघतात. बारा वर्षांची पोर ३०-४० ला समोरून आलेला बॉल लाइनवर पडलेला बघते, 'आउट' म्हणू की नको असं तिच्या चेहऱ्यावर क्षणभर दिसतं, आणि त्याच क्षणी तिची नजर कुंपणापलीकडे जाते. तिथे कोण उभं आहे? त्या चेहऱ्यावर काय आहे? पुष्कळ मुलींचं पोट तिथे दुखायला लागतं. वर्षाचे सहा लाख, आईची सुटलेली नोकरी आणि आजोबांची एफडी यांविषयी तिच्यासमोर बोलणं झालं असेल, तर तो सगळा हिशेब ती कोर्टवर घेऊन जाते. झालं असेलच. आपल्याकडच्या घरांत भिंती पातळ असतात.

तासांचंही बघा. मुलांच्या खेळातल्या दुखापतींवर काम करणारे डॉक्टर एक सोपा ठोकताळा सांगतात: आठवड्याला शिस्तबद्ध सरावाचे तास मुलाच्या वयापेक्षा जास्त नकोत. तुमची लेक बाराची आणि तास चोवीस, म्हणजे दुप्पट. टेनिसमध्ये सर्व्ह करताना कंबर मागे वाकते आणि पिळली जाते. वाढत्या वयात अति सरावाने पाठीच्या खालच्या मणक्याला बारीक तडा जाण्याचं प्रमाण या खेळात चांगलंच आहे. चौदाव्या वर्षी सहा महिने पट्टा बांधून घरी बसण्यापेक्षा आत्ता आठवड्यातून एक दिवस पूर्ण सुट्टी, वर्षातून दोन-तीन वेळा काही आठवडे टेनिस बंद, आणि मधल्या काळात पोहणं, फुटबॉल, खो-खो काहीही चालेल. कोच कुरकुर करतील. करू द्या.

आता त्या इंटरनॅशनल शाळेकडे येते. साठ टक्के माफी ऐकायला गोड आहे. शाळेला तिचा फोटो फ्लेक्सवर लावायचाय, यात काही गैर नाही; सौदा म्हणून उघड असेल तर मला त्याचं वावडं नाही. पण 'रँकिंग टिकलं तर' या अटीखाली बारा वर्षांची मुलगी पुढची पाच वर्षं घरची फी आपल्या बॅकहँडवर तोलून धरणार. म्हणून पाच गोष्टी लेखी घ्या. दुखापत झाली तर सवलत किती काळ चालू राहील? रँकिंग कुठलं धरणार? चौदा वर्षांखालच्या गटातून सोळाच्या गटात गेल्यावर पहिल्या वर्षी प्रत्येकीचं रँकिंग घसरतं, त्या वर्षाचं काय? तिने स्वतःहून खेळ सोडला तर आधीची माफी परत मागणार का? स्पर्धेच्या दिवसांची हजेरी आणि बुडालेल्या परीक्षा यांचं काय? उत्तरं मिळाल्यावर मिस्टरांबरोबर एकच हिशेब करा: सवलत उद्या बंद झाली तर पूर्ण फी आपल्याला झेपेल का? झेपत असेल आणि शाळा अभ्यासात चांगली असेल तर जरूर जा. झेपत नसेल तर जाऊ नका. अर्ध्या वाटेत, नववीच्या मध्यावर बोर्ड बदलून परत येणं तिला फार जड जाईल.

सध्याच्या शाळेतच राहिलात तर हजेरीचा वाद मिटवायचा एक मार्ग आहे, आणि फार कमी पालक तो वापरतात. जूनमध्ये शाळा सुरू होताना वर्षभराच्या स्पर्धांचं कॅलेंडर छापून मुख्याध्यापकांना द्या, कुठल्या तारखांना ती नसेल ते लिहून. दर वेळी आदल्या दिवशी 'उद्या मॅच आहे' म्हणून चिठ्ठी पाठवणाऱ्या पालकांना शाळा वैतागते, आणि बरोबर वैतागते. त्याच वेळी क्रीडाशिक्षकांना सांगून तिचं नाव शालेय क्रीडा स्पर्धांत घाला. एआयटीएच्या रँकिंगच्या मागे धावणारे पालक तालुका-जिल्हा-विभाग-राज्य या शालेय स्पर्धांना कमी लेखतात. पण राज्य मंडळाच्या दहावी-बारावीला खेळाडूंना मिळणारे वाढीव गुण, जास्तीत जास्त २५, हे शासनाने मान्य केलेल्या स्पर्धांवर मिळतात, आणि प्रस्ताव शाळेकडून जिल्हा क्रीडा कार्यालयात जातो. एआयटीएचे पॉइंट हे एक खातं, शालेय स्पर्धेचं प्रमाणपत्र हे दुसरं. एकातली शिल्लक दुसऱ्यात चालत नाही. नियम आणि मुदती बदलत असतात, तेव्हा नववीच्या सुरुवातीलाच त्या कार्यालयात एक चक्कर मारा. अकरावीच्या प्रवेशात आणि पुढे सरकारी नोकरीतल्या पाच टक्के आरक्षणातही प्रमाणपत्रं लागतात, त्यामुळे प्रत्येक कागद फाईलला लावा.

भारतात शिकायचं ठरलं तरी टेनिस वाया जात नाही. आयआयटी मद्रासने २०२४-२५ पासून खेळाडूंसाठी प्रत्येक अभ्यासक्रमात दोन जादा जागा ठेवल्या, त्यातली एक मुलींसाठी, आणि टेनिस त्यांच्या यादीत आहे. पण तिथेही आधी जेईई ॲडव्हान्स्डच्या रँक लिस्टमध्ये नाव यावं लागतं आणि राष्ट्रीय किंवा आंतरराष्ट्रीय पदक लागतं. रॅकेटबरोबर पुस्तक तिथेही सुटत नाही.

पैशाचं बोलते. आठवी ते बारावी पाच वर्षं, चौदा लाखांप्रमाणे सत्तर लाख, फीवाढ धरलेलीच नाही. अमेरिकेतल्या महागड्या खासगी कॉलेजचा एका वर्षाचा सगळा खर्च आज ८० ते ९० हजार डॉलर, म्हणजे पाऊण कोटीच्या आसपास. सरकारी विद्यापीठं बरीच स्वस्त. तेव्हा अकॅडमीचे सत्तर लाख हे तिथल्या महागातल्या एका वर्षाइतके, आणि ते आधीच, खात्रीने गेलेले. बदल्यात मिळेल ती संधी. ती पूर्ण स्कॉलरशिपची असेल, पाव हिश्श्याची असेल किंवा काहीच नसेल. सासऱ्यांना हे आकडे दाखवा. निवृत्त माणसाच्या एफडीवर नातीच्या फोरहँडचा भार टाकू नये, असं माझं स्पष्ट मत आहे.

यानंतर दोन-तीन वर्षांत तुम्हाला 'प्लेसमेंट'वाले, म्हणजे पैसे घेऊन अमेरिकेतल्या कॉलेजात जागा जुळवून देणारे, भेटतील. तिथल्या कॉलेजच्या कोचना ईमेल लिहिणं, न कापलेल्या मॅचचा व्हिडिओ पाठवणं, अर्ज भरणं हे सगळं मुलगी स्वतः करू शकते, आणि कोचना तिचंच पत्र आवडतं. मदत घ्यायची तर ठरलेल्या फीवर घ्या. 'स्कॉलरशिप मिळाली तर त्यातले अमुक टक्के द्या' म्हणणाऱ्याला दारातूनच परत पाठवा. मिळणाऱ्या स्कॉलरशिपशी बांधलेली फी एनसीएएच्या नियमांत बसत नाही आणि मुलीच्या पात्रतेवर येऊ शकते. कुणी 'रँकिंगचं बघू, कागद बनवू' म्हणालं तर २०१९ चं अमेरिकेतलं प्रवेश घोटाळ्याचं प्रकरण आठवा. जॉर्जटाउन विद्यापीठाचे माजी टेनिस कोच गॉर्डन अर्न्स्ट यांनी लाखो डॉलर घेऊन धड टेनिस न खेळणाऱ्या मुलांना खेळाडू म्हणून प्रवेश मिळवून दिले. त्यांना २०२२ मध्ये अडीच वर्षांची कैद झाली. ऑस्टिनच्या टेक्सास विद्यापीठाचे कोच मायकल सेंटर यांना सहा महिन्यांची. आपल्याकडेही बोगस क्रीडा प्रमाणपत्रांची प्रकरणं गाजून गेलीच आहेत. यात सगळ्यात जास्त होरपळते ती मुलगी, जिने खरोखर घाम गाळलेला असतो.

तेव्हा पुढच्या दोन वर्षांपुरतं माझं म्हणणं असं. शाळा तीच, किंवा लेखी उत्तरं पटली तर ती दुसरी. सराव चोवीस तासांवरून हळूहळू खाली आणा, चौदा-पंधरापर्यंत, त्यात डबल्सचा वेळ वेगळा ठेवून. पुण्या-मुंबई-कोल्हापुरात इतक्या स्पर्धा होतात की आठवीत विमान पकडायची गरज नाही. नववी संपताना तिला घेऊन बसा: यूटीआर काय, गणिताचे मार्क काय, पाठ दुखते का, आणि पहाटे साडेपाचचा गजर कुणी बंद करतं, ती की तुम्ही? त्या वेळी ती स्वतः म्हणाली की मला यातच जायचंय, तर अकॅडमीचा विचार तेव्हा करा. चौदा-पंधराव्या वर्षीही वेळ गेलेली नसते.

तुमच्या नोकरीबद्दल तुम्ही एकच वाक्य लिहिलंय आणि पुढे गेलात. सराव कमी झाला की ने-आणही कमी होईल. तुमच्या सोसायटीत कोर्टवर जाणारी आणखी दोन-तीन मुलं असतीलच. पालकांनी आळीपाळीने गाडी काढा. जमलं तर अर्धवेळ काम सुरू करा. पैशासाठी करा असं म्हणत नाही, तेही वाईट नाही. पण ज्या दिवशी ती पहिल्या फेरीत हरून घरी येईल, त्या दिवशी तुमच्याकडे ऑफिसातली एखादी वेगळी कटकट सांगायला असेल, तर तिला फार हलकं वाटेल.

आणि समजूतदार थोरला. त्याची दहावीची परीक्षा फेब्रुवारीच्या उत्तरार्धात सुरू होऊन मार्चमध्ये संपेल. त्या आठवड्यांत येणाऱ्या स्पर्धेची एन्ट्री भरली नसेल तर भरू नका. भरली असेल तर विड्रॉवलची मुदत उलटायच्या आत नाव काढून घ्या, आणि हे का केलं ते कोचना सांगण्याआधी त्याला सांगा.